एचबीए१सी ६.७, पण उपाशीपोटी शुगर १०८: मग मला मधुमेह आहे की नाही?

प्रश्न विचारणाऱ्या बाई ४३ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. शाळेत झालेल्या तपासणी शिबिरात त्यांची उपाशीपोटीची शुगर १०८, जेवणानंतर दोन तासांची १३६, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी चाचणी) ६.७ टक्के आणि हिमोग्लोबिन ८.९ आले. आईला मधुमेह आहे. स्वतःला थकव्याखेरीज काही जाणवत नाही. शिबिरात त्यांना ‘शुगर निघाली’ असे सांगण्यात आले, शेजारच्या परिचारिका ‘बॉर्डरवर आहे’ म्हणाल्या आणि एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळी सुरू करावी का आणि यातले खरे काय, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या रिपोर्टातील चार आकड्यांपैकी ज्याच्याकडे कोणीच पाहिलेले दिसत नाही, तो हिमोग्लोबिनचा ८.९ हा आकडा, म्हणजे रक्त बरेच कमी असल्याची खूण, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला मधुमेह आहे असे या कागदावरून मी म्हणणार नाही; तुम्ही निर्धास्त राहा असेही म्हणणार नाही. पंचवीसहून अधिक वर्षे तालुक्याच्या ठिकाणी मधुमेहाचे रुग्ण पाहताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली आहे. शुगरचा आकडा एकट्याने कधीच वाचायचा नसतो. तो कोणाच्या रक्तातला आहे, ते रक्त कधी आणि कसे घेतले, कोणत्या नळीत ठेवले आणि त्याच्या शेजारी दुसरे कोणते आकडे आहेत, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आधी सीमारेषा स्पष्ट करून घेऊ. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज पोटात काहीही गेलेले नसताना शिरेतून घेतलेल्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असेल तर ते सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेह मानतात. जागतिक आरोग्य संघटना या मधल्या पट्ट्याची सुरुवात ११० पासून करते, त्यामुळे तुमच्या १०८ ला एक लॅब ‘नॉर्मल’ म्हणेल आणि दुसरी म्हणणार नाही. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी १४० च्या आत सामान्य, १४० ते १९९ मधली अवस्था, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सामान्य, ५.७ ते ६.४ मधली अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. आणि ज्याला तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी स्पष्ट लक्षणे आहेत, त्याची कोणत्याही वेळची शुगर २०० किंवा अधिक आली तर वेगळ्या पुराव्याची गरज नसते. लक्षणे नसतील तर मात्र एका आकड्यावर निदान करायचे नाही, दुसऱ्या चाचणीने किंवा दुसऱ्या दिवशीच्या रक्ताने त्याला दुजोरा मिळाला पाहिजे. घाईच्या शिबिरांमध्ये सर्वांत जास्त मोडला जातो तो हाच नियम.

या रेषा कोणी मनाने ओढलेल्या नाहीत. उपाशीपोटीची शुगर किती असलेल्या लोकांमध्ये डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसू लागतात, हे पाहून त्या ठरवल्या आहेत. उपाशीपोटीची रेषा पूर्वी १४० होती; १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ वर आणली. तेव्हा १२५ चा माणूस निरोगी आणि १२६ चा आजारी, असे शरीरात काही घडत नाही. चढ हळूहळू असतो आणि आपण त्यावर एका ठिकाणी खूण केलेली असते.

आता तुमच्या ६.७ कडे येऊ. रक्तातले ग्लुकोज लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि एकदा चिकटले की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देतो. पण या सगळ्या हिशेबात पेशींचे आयुष्य नेहमीसारखे आहे, असे गृहीत धरलेले असते. शरीरात लोह कमी पडले की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि जुन्या पेशींवर ग्लुकोज अधिक चिकटलेले असल्यामुळे एचबीए१सी प्रत्यक्ष शुगर वाढलेली नसतानाही वर सरकतो. जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेतही असेच होते.

हे तुमच्याच आकड्यांवर ताडून पाहता येते. एचबीए१सीवरून सरासरी शुगर काढण्याचे एक सूत्र आहे: टक्केवारीला २८.७ ने गुणायचे आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. तुमच्या ६.७ ची सरासरी त्यानुसार १४६ येते. ज्या व्यक्तीची सकाळची शुगर १०८ आणि जेवणानंतर दोन तासांची १३६ आहे, तिची दिवसरात्रीची सरासरी या दोन्हींपेक्षा जास्त कशी असेल? एका दिवसाच्या दोन आकड्यांवरून तीन महिन्यांचा निकाल लावता येत नाही आणि जेवणानंतर तासाभराने शुगर याहून वर गेलेली असू शकते, हे मान्य आहे. तरीही एवढे अंतर दिसले आणि शेजारी ८.९ हिमोग्लोबिन असले, तर मी आधी एचबीए१सीवर शंका घेतो. अशा परिस्थितीत निदानासाठी तो बाजूला ठेवून थेट ग्लुकोजच्या चाचण्यांवर विसंबावे, असा वैद्यकशास्त्रातला मान्य नियमच आहे.

उलट चूकही होते आणि ती अधिक घातक असते. ज्यांच्या लाल पेशी लवकर नष्ट होतात, ज्यांना नुकतेच रक्त दिले आहे किंवा ज्यांचा मोठा रक्तस्राव झाला आहे, त्यांचा एचबीए१सी खोटा कमी येतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल या लाल पेशी लवकर नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. तेथील एखाद्या सिकलसेलग्रस्ताचा ५.४ पाहून ‘शुगर उत्तम’ असे सांगणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे आहे.

मग तुमच्या ग्लुकोजच्या दोन आकड्यांवर तरी विश्वास ठेवावा का? येथे रक्ताच्या नळीचा प्रश्न येतो. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीतले रक्त खोलीच्या तापमानाला तसेच राहिले, तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. म्हणून शुगरसाठीचे रक्त राखाडी टोपणाच्या, सोडियम फ्लोराइड असलेल्या नळीत घेतात आणि लवकरात लवकर लॅबमध्ये पोहोचवतात. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाची उपाशीपोटीची शुगर एका शिबिरात ९४ आणि चार दिवसांनी माझ्याकडे १२८ आली. चौकशी केल्यावर कळले की शिबिरात सकाळी साडेसातला साध्या नळ्यांमध्ये घेतलेले रक्त उन्हाच्या दिवसांत टेबलावरच होते आणि दुपारनंतर यंत्रावर गेले. तुमच्या शाळेतल्या शिबिरातही असे झाले असेल, तर तुमचा १०८ प्रत्यक्षात अधिक असू शकतो. म्हणूनच मी तुम्हाला निर्धास्त राहा असे म्हटले नाही.

‘उपाशीपोटी’ या शब्दाचाही आपल्याकडे घोटाळा होतो. एका आजी एकादशीला सकाळी रक्त द्यायला आल्या आणि शुगर १७२ निघाली. काही खाल्ले होते का, असे विचारल्यावर त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, “नाही हो डॉक्टर, आज उपासच आहे माझा.” घरून निघताना त्यांनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेतला होता. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. त्या दिवसापासून आमच्याकडे रक्त घेणारी मुलगी ‘उपाशी आहात का’ असे विचारत नाही, ‘रात्री जेवल्यापासून तोंडात काय काय गेले’ असे विचारते. बिनसाखरेचा दुधाचा चहाही चालत नाही.

जेवणानंतरच्या आकड्याबद्दल सांगायचे तर ती चाचणी आधीच निदान झालेल्या रुग्णाची शुगर ताब्यात आहे का हे पाहण्यासाठी चांगली आहे, पण निदानासाठी ती कच्ची आहे. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, ताटावरून उठल्यापासून नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवाय ‘आज तपासणी आहे’ म्हणून बहुतेक जण त्या दिवशी भात टाळतात आणि अर्धीच भाकरी खातात. त्या दिवशी तुम्ही काय जेवलात हे मला माहीत नाही, आणि तुमच्या १३६ चा अर्थ त्याखेरीज लागत नाही.

म्हणून तुमच्यासाठी योग्य चाचणी म्हणजे ग्लुकोज पाजून केलेली, ज्याला लॅबमध्ये जीटीटी म्हणतात. तिच्या आधी तीन दिवस नेहमीसारखे पोटभर जेवायचे. पोळी, भाकरी, भात काहीही तोडायचे नाही. नवरात्राचे उपास नुकतेच संपले असतील तर काही दिवस थांबून मगच करावी, कारण अन्न तोडल्यानंतर अचानक ग्लुकोज दिले की शुगर खोटी वाढलेली दिसू शकते. रात्रीच्या उपाशी पोटानंतर पहिले रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. मधल्या वेळेत एका जागी बसून राहावे. बाजारहाट करून परत येणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि चालण्याने स्नायू ग्लुकोज वापरतात, त्यामुळे आकडा खाली येतो. पावडर विकत आणणार असाल तर वेष्टनावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिले आहे का ते पाहावे. ते असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावे लागते.

आता लक्षणांकडे वळतो, कारण ‘मला काहीच होत नाही’ हे तुमचे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्याचा अर्थ लोक लावतात तसा नसतो. मोठ्या माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम एक चहाचा चमचा भरेल एवढेच, म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते. मूत्रपिंडे ते गाळून पुन्हा रक्तात परत घेतात. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की त्यांना ते सगळे परत घेणे जमत नाही, मग ती लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, लघवी वाढते, तिच्यामागून तहान वाढते. म्हणजे निदानाची रेषा १२६ वर आणि लक्षणांची सुरुवात १८० च्या पुढे. या दोहोंमधल्या अंतरात माणूस काही वर्षे काढू शकतो, आणि त्याला खरोखरच काहीही होत नाही. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदानाच्या दिवशीच रुग्णांची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता निम्म्यावर आलेली आढळली होती. लघवीला मुंग्या लागण्याची वाट पाहणे, किंवा केवळ लघवीची तपासणी करून समाधान मानणे, याच कारणाने चुकीचे आहे.

तरीही शरीर काही खुणा आधी देते. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळपट, जाडसर पट्टा दिसू लागतो. घरातले लोक तो मळ समजून मुलींना दगडाने घासायला लावतात. तो मळ नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. मानेवर बारीक चामखिळी वाढतात. जननेंद्रियाच्या जागी वारंवार खाज किंवा बुरशी होते, आणि बायका संकोचाने ती महिनोन्‌महिने सांगत नाहीत. चष्म्याचा नंबर थोड्या काळात बदलतो, कारण वाढलेल्या शुगरमुळे डोळ्याच्या भिंगात पाणी शिरते. अशा वेळी शुगर स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करू नये. हिरड्या सुजणे, खांदा आखडणे, रात्री तळपायांची जळजळ किंवा मुंग्या येणे, जखम रेंगाळणे, यांपैकी एखादी तक्रार घेऊन आलेल्या माणसाची शुगर तपासायला मी चुकत नाही. तुमचा थकवा मात्र सध्या शुगरपेक्षा ८.९ हिमोग्लोबिनच्या खात्यावर टाकणे मला अधिक योग्य वाटते.

मुलांच्या बाबतीत हे सगळे गणित वेगळे असते, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम लिहितो. आठ-दहा वर्षांचे मूल अचानक वर्गातून वारंवार लघवीला जाऊ लागले, पाण्याची बाटली सतत रिकामी करू लागले, अंथरूण ओले करणे थांबलेले असताना पुन्हा करू लागले आणि दोन-तीन आठवड्यांत वाळले, तर त्याची शुगर त्याच दिवशी तपासली पाहिजे. हा बहुधा टाइप १ मधुमेह असतो. त्यात पोटदुखी, उलट्या आणि खोल, जोरजोराचा श्वास सुरू झाला तर मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तासांचाही उशीर जिवावर बेततो.

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वजन फारसे नाही, म्हणून मधुमेहाची शंका तुम्हाला पटत नाही. आपल्या लोकांची ही मोठी फसगत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी असलेली ही आपली ठेवण आहे. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते: बेंबीच्या पातळीवर बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर ते धोक्याचे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. आईला मधुमेह आणि वयाची चाळिशी ओलांडलेली, म्हणजे तुमचा धोका तुम्ही समजता त्यापेक्षा वरचा आहे. गरोदरपणात कधी शुगर वाढली होती का, हेही आठवून पाहा, कारण तसे असेल तर तो आणखी वाढतो.

गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. लिहून दिलेली गोळी बहुधा मेटफॉर्मिन असावी; ती जुनी, स्वस्त आणि उपयुक्त गोळी आहे आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या निदानासाठी ती घ्यायची, ते निदानच अजून झालेले नाही. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास ती बी-१२ कमी करते, आणि तुमच्या रक्तात आधीच काहीतरी कमी आहे. तेव्हा ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना हिमोग्लोबिनचा आकडा दाखवावा आणि जीटीटी होईपर्यंत थांबता येईल का, असे विचारावे. कोणताही जबाबदार डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही. जीटीटीत दोन तासांचा आकडा २०० किंवा अधिक आला, तर तो दुसऱ्या दिवशीच्या रक्ताने पक्का करून उपचार लगेच सुरू करावेत. तो १४० ते १९९ मध्ये आला, किंवा उपाशीपोटीचा आकडा पुन्हा शंभरीपार आला, तर तुम्ही मधल्या अवस्थेत आहात आणि तेथून मागे फिरता येते. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात वजन सुमारे ७ टक्के उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. चेन्नईच्या २००६ मधील अभ्यासात आपल्या लोकांमध्ये ही घट २८.५ टक्के होती. तुलनेने कमी, पण ती आपल्याच अन्नावर आणि आपल्याच शरीरांवर मिळालेली आहे, म्हणून मला ती जवळची वाटते. तुमच्याबाबतीत मी पहिला हात चहातल्या साखरेला आणि ताटातल्या भाताच्या दुसऱ्या वाढीला लावेन. गूळ घेतल्याने साखर टळत नाही, आणि ज्वारीची भाकरी चांगली असली तरी तीन भाकऱ्या या तीन भाकऱ्याच असतात.

घरी ग्लुकोमीटर घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे. निदानासाठी त्याचा उपयोग नाही. मान्यताप्राप्त यंत्रालाही शंभरच्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते, म्हणजे खरे १२० असताना ते १०४ ही दाखवू शकते आणि १३६ ही. आईसाठी घेणार असाल तर जरूर घ्या, पण बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. एका आजोबांचे यंत्र मे महिन्यात ३१० दाखवत होते, घरचे घाबरून त्यांना माझ्याकडे घेऊन आले. ते नुकतेच नातवंडांसाठी आंबे कापून उठले होते. हात धुऊन पुन्हा टोचले तेव्हा १३४ आले.

आता तातडीचे काम. ४३ व्या वर्षी हिमोग्लोबिन ८.९ का झाले, हे शोधणे जीटीटीइतकेच आवश्यक आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि बी-१२ तपासून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पाळी किती दिवस चालते, गाठी पडतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना न संकोचता सांगा. मूळव्याधीचा त्रास किंवा काळी शौचास होणे असेल तर तेही लपवू नका. लोहाची कमतरता निघाली तर गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. हिमोग्लोबिन बारापर्यंत पोहोचून तीन महिने झाले की एचबीए१सी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. तोपर्यंत शुगर पाहायची असेल तर शिरेतले रक्त, राखाडी टोपणाची नळी आणि आदल्या रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी.